किडनी दिलेल्या माणसाचं बीपी कोण बघतं?

मागच्या चवथीला दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली आणि धाकट्या भावाने नेहमीसारखं बीपीचं मशीन काढलं. त्याला चार वर्षांपूर्वी किडनी बसवलीय, आईची, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ बीपी बघणं, वहीत लिहिणं, गोळ्या घड्याळ लावून घेणं हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलंय. घरात पाहुणे होते, मग काय, माझं बघ माझं बघ सुरू झालं, मामाचं झालं, मामीचं झालं, शेजारचे काका गणपती बघायला आले होते त्यांचंही झालं. आई आतनं नेवऱ्यांचा डबा घेऊन आली तशी मामी म्हणाली तुझं पण बघूया गे. आईने उभ्याउभ्याच हात पुढे केला, पट्टा ब्लाउजच्या बाहीवरनंच गुंडाळला, आई मामीशी बोलतच होती, आणि आकडा आला १६२/९६.

मामी म्हणाली मशीन बिघडलंय.

मशीन बिघडलं नव्हतं, पण तो आकडा खरा पण नव्हता, त्याबद्दल पुढे सांगतेच. मला लागलं ते वेगळंच. मी म्हापशात फार्मसी चालवते, अशी मशीनं आठवड्याला दोन-तीन तरी विकते, गिऱ्हाइकाला पट्टा कसा बांधायचा ते समजावून सांगते, आणि माझ्या स्वतःच्या आईचं बीपी शेवटचं कधी बघितलं होतं ते मला आठवेना. भावाची फाईल आहे पोथीएवढी जाड, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. आईचं काय आहे, तर एक डिस्चार्ज कार्ड, चार घड्या घातलेलं, रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. ऑपरेशन कुठे झालं ते सोडा, तिथे टाके काढले, एकदा रक्त तपासलं, सगळं चांगलं आहे मावशी म्हणाले आणि संपलं. आणि खरं सांगायचं तर दोष त्यांनाच कशाला द्यायचा, आम्ही तरी कुठे विचारलं. पेशंट भाऊ होता. आई पेशंट नव्हतीच ना, चांगली धडधाकट बाई होती म्हणून तर तिची किडनी घेतली.

आता गोष्ट अशी की आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची बहीण, आणि ह्या सगळ्या अशाच, मला काय झालंय म्हणत परत चुलीपुढे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, गोळी कुठली आणि किती ते त्यांनीच ठरवायचं, पण बीपी म्हणजे काय, ते का वाढतं आणि नीट कसं मोजायचं एवढं प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

आधी किडनी आणि बीपीचं नातं काय ते बघू. किडनी म्हणजे लघवी करायचं मशीन एवढंच आपल्या डोक्यात असतं, पण अंगात मीठ किती ठेवायचं आणि पाणी किती ठेवायचं हा हिशेब तीच सांभाळते. आमचं माहेर पेडण्याकडचं, तिथे खाजन शेती बघितलेल्यांना हे पटकन समजेल. नदीला भरती आली की खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध असतो आणि बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरतीचं पाणी बाहेरनं दाबतं तशी दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की उघडतात आणि आतलं जास्तीचं पाणी निघून जातं. मानस बिघडली तर शेतात पाणी तुंबतं आणि बांधावर ताण येतो. किडनीने मीठ नीट बाहेर टाकलं नाही की ते मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांत माल जास्त होतो, भिंतींवर दाब वाढतो, झालं बीपी. शिवाय किडनी रेनिन नावाचं एक रसायन सोडते, त्यातून पुढे अशी साखळी लागते की रक्तवाहिन्या आवळतात आणि मीठ धरून ठेवलं जातं. म्हणजे दाब किडनी ठरवते, आणि तोच दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला तर किडनीच्या आतल्या बारीक गाळण्या खराब करतो. दोन्ही बाजूंनी मार.

एका किडनीत साधारण १० लाख गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास गाळतात आणि त्यातलं लिटर-दीड-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात घेतात. एक किडनी काढली की त्या दिवशी गाळायची ताकद निम्म्यावर येते, हे तर कुणालाही कळेल. पण पुढची गंमत बघा, उरलेली किडनी तेवढ्यावर बसून राहत नाही, ती थोडी मोठी होते, तिच्यातल्या प्रत्येक गाळणीतून आधीपेक्षा जास्त रक्त जायला लागतं आणि काही दिवस-आठवड्यांत एकूण काम आधीच्या ६० ते ७० टक्क्यांवर येतं. लाकडाची मानस काही रुंद होत नाही, तेव्हा माझा दाखला इथे संपला. तरुण माणसात ही भरपाई जास्त चांगली होते, वय झालेल्यांत थोडी कमी.

६०-७० टक्क्यांवर माणूस मजेत जगतो. २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं, जुळ्या भावांमध्ये, रोनाल्ड हेरिकने रिचर्डला किडनी दिली आणि सर्जन जोसेफ मरे यांना पुढे १९९० साली त्यासाठी नोबेल मिळालं. देणारा रोनाल्ड त्यानंतर ५६ वर्षं जगला. तेव्हा कुणी हे वाचून घाबरून जाऊ नका, किडनी देणं धोक्याचं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की उरलेली किडनी आता ओव्हरटाइम करतेय आणि तिला सुट्टीवर पाठवून दुसरी लावायची सोय राहिली नाही, त्यामुळे तिच्यावर पडणारा दाब किती आहे ते बघत राहायला हवं.

दात्यांचं बीपी वाढतं का? वाढतं, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. २००६ साली एक मोठं विश्लेषण छापून आलं होतं, ४८ अभ्यास आणि ५ हजारांवर दाते एकत्र करून, त्यातून असं निघालं की किडनी दिल्यावर पाच ते दहा वर्षांत बीपी वयाप्रमाणे जेवढं वाढलं असतं त्याच्यापेक्षा साधारण ५ अंक जास्त वाढतं. पाचच अंक. म्हणजे वरचा आकडा १२० चा १२५. हे ऐकून कोण म्हणेल त्यात काय एवढं, आणि ज्याचं मुळात ११० आहे त्याला खरंच काही नाही. पण ज्याचं आधीच १३२-१३५ वर रेंगाळतंय, वय वाढतंय, ऑपरेशननंतर सगळ्यांनी खा खा करून वजन सहा किलो वाढवलंय, त्याला हेच पाच अंक रेषेच्या पलीकडे नेऊन ठेवतात.

आणि किडनी पूर्ण फेल होण्याचा धोका? हा प्रश्न मला दुकानात हळू आवाजात विचारतात. अमेरिकेत ९६ हजारांवर दात्यांची माहिती घेऊन २०१४ साली एक अभ्यास आला, त्यात जन्मभराचा हिशेब असा निघाला की १०,००० दात्यांमागे साधारण ९० जणांवर ती वेळ येऊ शकते. तेवढेच निरोगी पण किडनी न दिलेले १०,००० लोक घेतले तर १४. आणि कसलीही चाळणी न लावता सरसकट १०,००० लोक घेतले तर ३२६. तिन्ही आकडे एकत्र ठेवूनच बघायचे. नुसतं ९० आणि १४ सांगितलं की माणूस घाबरतो, नुसतं ९० आणि ३२६ सांगितलं की देणाऱ्याला उलट फायदाच होतो असं वाटतं, आणि हे दुसरं मी समुपदेशनाच्या नावाखाली सांगताना ऐकलंय, ते बरोबर नाही. दाता निवडूनच घेतलेला असतो, तेव्हा त्याची तुलना निवडलेल्या निरोगी माणसाशी करायची. धोका वाढतो, पण वाढूनही शेकड्याला एकाच्या आतच राहतो.

आता त्या १६२/९६ कडे येते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, सगळा बार्देस आणि अर्धं पेडणं उतरलेलं असतं, आणि बाजार करून, दोन्ही हातात पिशव्या घेऊन, उन्हातनं चालत येऊन लोक काउंटरवर हात टेकतात आणि म्हणतात जरा प्रेशर बघ गो. मी म्हणते बसा. नको बसत, बस चुकेल. अशा वेळी जो आकडा येतो तो तुमच्या बीपीचा नसतो, बाजाराचा असतो. बीपी बघायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, सिगरेट नाही, जिना चढून आलेलं नको, लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं, त्यानेसुद्धा आकडा चढतो. मग खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे गप्प, मोबाईल पण नाही. पाय जमिनीवर सपाट, एकावर एक टाकायचे नाहीत. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या, म्हणजे हृदयाच्या उंचीला येईल, हात खाली लोंबत असला की आकडा जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर, बाही वर सरकवून नाही कारण ती दंडाला आवळते, सैल असेल तर हात बाहेर काढायचा. आणि मोजताना बोलायचं नाही, हे तर कुणालाच जमत नाही, प्रत्येक चुकीने पाच-दहा अंक इकडेतिकडे होतात आणि माझ्या आईने त्या दुपारी जवळजवळ सगळ्या चुका एकदम केल्या होत्या.

पट्ट्याच्या मापाबद्दल वेगळं सांगायला हवं. मशीनबरोबर जो पट्टा येतो तो मध्यम दंडासाठी असतो, दंड किती सेंटीमीटर ते पट्ट्यावर छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं, बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की कमी दिसतं. टेलरची टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंड मोजा आणि मग पट्टा घ्या, मोठा पट्टा वेगळा मिळतो, थोडे पैसे जास्त पडतात. मनगटावरचं मशीन दिसायला छान असतं, मी स्वतः कुणाला घ्या म्हणत नाही, हात जरा वरखाली झाला की ते कायच्या काय दाखवतं. दंडावरचंच घ्यायचं. आणि पहिल्यांदा दोन्ही हातांचं बघायचं, ज्या हाताचं जास्त येतं तोच हात पुढे कायम धरायचा.

एकदा बघून काही ठरत नाही. घरी बघायची पद्धत अशी की सलग सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांच्या मध्ये एक मिनिट थांबून. सकाळचं गोळी असेल तर गोळीच्या आधी आणि चहाच्याही आधी. पहिला दिवस सोडून द्यायचा कारण पहिल्या दिवशी माणूस बिचकलेला असतो, उरलेल्या सहा दिवसांचे २४ आकडे, त्यांची सरासरी. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असली तर बीपी आहे असं धरतात, दवाखान्यात हाच आकडा १४०/९० धरतात कारण दवाखान्यात बहुतेकांचं जरा वर असतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ पासून १३०/८० लाच रेषा ओढलीय, त्यामुळे एक डॉक्टर म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही, असं झालं तर गोंधळू नका, दोघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात.

आईला मी हे करायला लावलं. चवथ आटपून मी म्हापशाला परत आले आणि रोज सकाळी फोन, बसलीस का, गप्प बसलीस का, आणि पलीकडनं बोलतेय म्हणजे गप्प बसलेली नाही हे उघडच होतं. दोन दिवसांनी फोन करायचाच बंद केला, तेव्हा कुठे आकडे खाली आले. सरासरी निघाली १३८/८६. म्हणजे १६२ खोटं, पण सगळं ठीकच आहे हेही खोटं.

असं काठावरचं आलं की डॉक्टर कधीकधी २४ तासांचं मशीन लावतात. कमरेला डबी, दंडाला पट्टा, दिवसा वीस मिनिटं-अर्ध्या तासाने आणि रात्री जरा जास्त वेळाने ते आपोआप फुगतं आणि आकडा साठवून ठेवतं. फुगायला लागलं की हात होता तिथेच स्तब्ध ठेवायचा. आई त्या दिवशी मासळी कापायला बसली होती, मशीन घर्रर्र करायला लागलं की हातात बांगडा तसाच धरून पुतळ्यासारखी बसायची आणि मांजर संधी साधायचं. रात्री तिला झोप लागली नाही अशी तक्रार, ती खरीच असते, पण रात्रीचाच आकडा मोलाचा. झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरायला हवं, उरलेल्या किडनीला तेवढीच विश्रांती. आईचं दिवसाचं १३७/८५ आणि रात्रीचं १२८/७६, म्हणजे उतरत होतं पण पुरेसं नाही, रात्री १२०/७० च्या खाली हवं आणि २४ तासांची सरासरी १३०/८० च्या खाली, तिची होती १३४/८२.

ह्या मशीनचा अजून एक उपयोग आहे. काही लोकांचं पांढरा कोट बघितला की चढतं आणि घरी नॉर्मल असतं, त्यांना उगाच गोळ्या लागू नयेत. आणि काहींचं बरोबर उलटं, डॉक्टरसमोर १२४ आणि घरी १४५, हे जास्त वाईट कारण दवाखान्यातून सगळं चांगलं आहे असा शिक्का मिळतो आणि माणूस निर्धास्त. दात्याला वर्षातनं एकदा दवाखान्यात बघून सोडून दिलं की हे दुसऱ्या प्रकारचं बीपी हमखास निसटतं, म्हणून घरी बघायला हवं असं माझं मत.

बीपीबरोबर अजून दोन गोष्टी वर्षातनं एकदा बघायच्या असतात, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो एक कचरा, आणि लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन जातं का ते. आणि वजन. दात्यांसाठी २०१७ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पण हेच आहे, वर्षातनं निदान एकदा. क्रिएटिनिनचा एक घोटाळा सांगते. आईचं किडनी देण्याआधी ०.७ होतं, आता १.० आहे. लॅबच्या कागदावर त्याच्या खाली ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, ६४ असं ठळक अक्षरात, बाजूला खुणेचा बाण. भावाने तो बाण बघितला आणि त्याचा चेहराच उतरला, माझ्यामुळे आईची किडनी गेली असं त्याने धरलं. अरे, एक किडनी तुझ्याकडे आहे तर तिचं शंभर कुठनं येणार. लॅबच्या कॉम्प्युटरला माहीत नसतं की ह्या बाईला एकच किडनी आहे. दात्याचा आकडा एकदा खाली आला की तिथेच वर्षानुवर्षं टिकून राहायला हवा, कधीकधी हळूहळू सुधारतोही, तेव्हा आकडा किती आहे यापेक्षा मागच्या वर्षीपेक्षा घसरला का ते बघायचं, आणि ते बघायला मागच्या वर्षीचा कागद जपलेला हवा. लघवीतलं अल्ब्युमिन मात्र ३० च्या खालीच हवं, तिथे एक किडनी आहे ही सबब चालत नाही. बीपी वाढलंय आणि लघवीतून प्रोटीन पण जायला लागलंय हे दोन्ही एकत्र दिसलं की किडनीच्या डॉक्टरकडेच जायचं, गावातल्या ओळखीच्या डॉक्टरवर भागवायचं नाही.

आता मीठ. गोव्यात राहून मिठावर बोलणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, सगळ्या दिवसाच्या सगळ्या खाण्यातलं मिळून. आमच्याकडे आईने मला सांगितलं मी तर आमटीत मीठ कमीच घालते. बरोबर आहे, आमटीत कमीच घालते. पण पावसाच्या आधी पुरुमेंत भरलेलं असतं, सुके बांगडे, सुकी सुंगटं, मिठाच्या पाण्यातले तोर म्हणजे कैऱ्या, आंब्याचं लोणचं, आणि हे सगळं टिकतं ते मिठावरच. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्यात मीठ नाही पण बरोबर तोराची फोड आणि भाजलेला सुका बांगडा. जेवणानंतर कढी, ती आगळाची, आणि आगळ म्हणजे सोलांचा रस मीठ घालून ठेवलेला. संध्याकाळी चहाबरोबर फरसाण. चमचा केव्हाच भरला आणि आमटी अजून यायचीय. ख्रिश्चन शेजाऱ्यांकडनं आलेली चोरिस म्हणजे सॉसेज, पारा आणि बलशांव ही मासळीची लोणची, सगळं त्याच जातीचं. मी आईला बंद कर म्हटलं नाही कारण ती करणार नाही, एवढंच ठरवलं की पेजेबरोबर खारं एकच, लोणचं असेल तर बांगडा नाही, कढी ताज्या सोलांची, भिजवून, मीठ वरनं घालायचं ते किती ते आपल्या हातात राहतं.

आणि एक सांगते कारण गिऱ्हाईक येऊन मागतात, ते कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. धडधाकट माणसाला चांगलं असेल पण किडनी कमी चालत असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम साठून हृदयाला त्रास होऊ शकतो. दात्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि किडनी बसवलेल्याने तर नाहीच. आमच्या घरात एक देणारी आणि एक घेणारा, दोघं एकाच डब्यातलं मीठ खातात, त्यामुळे ते पाकीट आमच्याकडे येतच नाही.

गोळ्यांचं मात्र मी हात जोडून सांगते. आईच्या पिशवीत मला अर्धी संपलेली स्ट्रिप सापडली, डायक्लोफेनॅक, गुडघे दुखतात म्हणून शेजारणीने दिलेली, महिन्यातनं चार-पाचदा घ्यायची. मी फार्मसीवाली आणि माझ्या आईला गोळ्या शेजारीण देते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक ह्या जातीच्या सगळ्या दुखण्याच्या गोळ्या किडनीकडचा रक्तपुरवठा कमी करतात, मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी चढवतात. म्हणजे एकाच गोळीने दोन्ही नुकसान. दात्याने दुखलं-खुपलं तर पॅरासिटॅमॉल, ते पण मापात, आणि कुठल्याही डॉक्टरकडे, दाताच्या सुद्धा, गेलं की पहिलं वाक्य मला एकच किडनी आहे. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करायचं औषध असतं त्यानेही बीपी चढतं, काउंटरवर सांगितलंत तर आम्ही दुसरी देतो.

बीपी निघालंच तर गोळी घ्यायला लाजायचं नाही. दात्यांत एक विचित्र लाज असते, आपल्याला गोळी लागली तर ज्याला किडनी दिली त्याला वाईट वाटेल, म्हणून लपवतात. आईने तेच केलं, गोळी सुरू झाली ते भावाला तीन आठवडे सांगितलं नाही. काही गोळ्या बीपीबरोबर लघवीतलं प्रोटीनही कमी करतात, त्या सुरू केल्यावर थोड्या दिवसांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघावं लागतं, ती तपासणी चुकवायची नाही.

जे अजून देणार आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. बीपी आहे म्हणून लगेच नकार मिळतो असं नाही, एक-दोन गोळ्यांवर १४०/९० च्या खाली राहत असेल आणि हृदय, डोळे, लघवी यांच्यावर परिणाम दिसत नसेल तर साठीच्या आईची किडनी घेण्याचा विचार होऊ शकतो. उलट पंचविशीतल्या मुलाचं बीपी थोडंसंच जास्त असलं तरी डॉक्टर जास्त खोलात जातात कारण त्याला पुढची पन्नास वर्षं त्या एका किडनीवर काढायचीत. मुलगी देणार असेल आणि पुढे मूल हवं असेल तर हे तिला आधी सांगायला हवं की गरोदरपणात बीपी वाढण्याची शक्यता दात्यांत जास्त असते, कॅनडातल्या ओंटारियोत २०१५ सालच्या अभ्यासात दात्यांत ११ टक्के आणि बाकीच्यांत ५ टक्के असं दिसलं, बहुतेकींचं बाळंतपण सुखरूप होतं पण डॉक्टरला पहिल्या महिन्यापासून माहीत हवं, आणि बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत त्या आधीच बदलाव्या लागतात. कायद्याचं म्हणाल तर १९९४ चा अवयवदानाचा कायदा सुरुवातीला ज्या तीनच राज्यांना लागू झाला त्यात महाराष्ट्र आणि हिमाचलबरोबर आपला गोवा होता, जवळच्या नातलगाने देणं त्यात सोपं आहे, बाकीच्यांना समितीपुढे जावं लागतं. पण दिल्यानंतर वर्षाला एकदा बीपी बघून घे म्हणून मागे लागायला समिती येत नाही, ते घरच्यांनीच.

आईची गोळी अजून चालू आहे, अगदी लहान डोसची. आता रोज मोजत नाही, डॉक्टर म्हणाले स्थिर आहे तर महिन्यातनं एक आठवडा पुरे. वही तिला जमली नाही, ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, त्यामुळे कधीकधी १ लिटर आणि १२६/७८ एकाच चौकोनात असतात. एका चौकोनात नुसतं बांगडा असं लिहिलेलं होतं, तो दिवस मोजलेलाच नाही. मी तिला भावासारखीच निळी फाईल आणून दिली, वर तिचं नाव घातलं, डिस्चार्ज कार्ड सरळ करून पहिल्याच कप्प्यात लावलं, मागचे दोन रिपोर्ट लावले. परवा गेले तेव्हा उघडून बघितली तर रिपोर्ट जागच्या जागी होते, आणि पाठच्या कप्प्यांत विजेची बिलं.